एकट्या मुलाचा वकील

30 मे 2023 रोजी दानापूर–पुणे एक्स्प्रेसमधून रेल्वे सुरक्षा दलाने काही मुलांना भुसावळला उतरवले आणि उरलेल्यांना मनमाडला. एकूण 59 मुले, वय 8 ते 17, सगळी बिहारच्या अररिया जिल्ह्यातली. सोबत पाच मोठी माणसे होती, पण आईबाप नव्हते. मुले पुणे-सांगलीकडच्या मदरशांत शिकायला चालली आहेत, असे सोबतच्यांनी सांगितले. पोलिसांना मानवी तस्करीचा संशय आला. भारतीय दंड संहितेच्या कलम 370 खाली मनमाड आणि भुसावळ इथे गुन्हे दाखल झाले. पाचही जण सुमारे चार आठवडे तुरुंगात राहिले आणि मुले नाशिक व जळगावच्या बालगृहांत 12 दिवस. पालकांनी मुले परत द्या म्हणून लावून धरल्यावर त्यांची रवानगी गावी झाली. मार्च 2024 मध्ये पोलिसांनीच दोन्ही प्रकरणे बंद करण्याचे अहवाल दिले: तस्करी नव्हती, गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला होता.

या घटनेची चर्चा झाली ती धर्माच्या अंगाने आणि पोलिसांच्या अंगाने. माझा प्रश्न वेगळा आहे, कारण मी आसेगावकडून या रेल्वेमार्गाकडे बघतो. आमच्या मंगरुळपीर तालुक्यातून मुंबईला पळालेला पोरगा बहुधा अकोल्याला गाडीत बसतो आणि भुसावळ-मनमाडवरूनच पुढे जातो. वाशीम जिल्ह्याच्या गावांतून आणि तांड्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे माणसे ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जातात. त्यांच्यासोबत मुले जातात, काही वेळा मुकादमाच्या किंवा लांबच्या मामाच्या भरवशावर एकटीच जातात. अररियाचा मुलगा मनमाडला जसा परका, तसाच आमच्या तांड्यावरचा मुलगा बेळगाव किंवा पुण्याच्या फलाटावर. गोरमाटी या बंजारा बोलीत बोलणाऱ्या पोराला तिथल्या अधिकाऱ्याने नाव-गाव विचारले, तर तो आधी गप्पच राहतो.

अशा मुलाच्या बाजूने कोण उभे राहते? कायद्याचे उत्तर पक्के आहे: सरकारी खर्चाने मिळणारा वकील. तो खरोखर उभा राहिला की नाही, हे कोण पाहते? या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास मागे नेला की 1986 पाशी जाऊन थांबावे लागते.

त्या वर्षी मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे होती. देशभरातल्या तुरुंगांत 16 वर्षांखालची मुले मोठ्या कैद्यांबरोबर डांबलेली होती. त्यांतली कित्येक नुसती घर सोडून आलेली, भटकताना सापडलेली. 1983 मध्ये मुंबईच्या पोलीस कोठडीतल्या बायकांच्या प्रश्नावर बारसे यांच्याच पत्रावरून न्यायालयाने आदेश दिले होते. मुलांच्या प्रकरणात न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांकडून तुरुंगांच्या पाहणीचे अहवाल मागवले आणि आणखी एक आदेश दिला, जो मला या साऱ्या कहाणीत सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक राज्याच्या विधी सहाय्य मंडळाने प्रत्येक तुरुंगात आठवड्यातून एकदा दोन वकील पाठवायचे आणि त्यांनी तिथल्या मुलांना कायद्याची मदत करायची. मदत आणि तपासणी एकाच फेरीत. वकील मुलासमोर बसला की जेवण मिळते का, मारतात का, घरी कळवले का, हे त्याला आपोआप कळणार होते.

राज्यांनी काय केले? अहवाल वेळेवर आले नाहीत, शपथपत्रे रखडली, तारखांवर तारखा पडल्या. 1988 मध्ये बारसे यांनी वैतागून याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयाने ती दिली नाही. मुलांचा प्रश्न अर्जदाराच्या मालकीचा नसतो, असा त्यामागचा विचार. त्यांचे नाव वगळून याचिका पुढे चालवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाच्या विधी सहाय्य समितीकडे देण्यात आले. तत्त्व म्हणून हा निर्णय बरोबरच आहे. पण आदेश पाळला जातो की नाही हे चिकाटीने बघणारी व्यक्ती बाजूला झाली आणि ते काम एका समितीकडे गेले, हेही त्यातून घडले. आपल्याकडे पुढची अनेक वर्षे असेच होत राहिले.

कायदे मात्र एकामागून एक चांगले होत गेले. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, पण लागू व्हायला 9 नोव्हेंबर 1995 उजाडला. त्याच्या कलम 12 प्रमाणे मूल असणे एवढीच पात्रता पुरे; उत्पन्नाचा दाखला लागत नाही, बाप जमीनदार असला तरी हक्क आहे. मानवी व्यापाराला बळी पडलेल्यांनाही हीच सवलत. बाल न्याय कायदा 1986 चा, मग 2000 चा, मग 2015 चा. शेवटचा 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे. एकटे मूल सापडल्यावर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बालकल्याण समितीसमोर हजर करायचे, 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, चार महिन्यांत चौकशी पूर्ण. जिल्ह्यातल्या तपासणी समितीने प्रत्येक बालगृहाला तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची. पथकात निदान तीन जण, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. बालकल्याण समितीच्या कामावर जिल्हाधिकाऱ्यांची नजर 2015 च्या कायद्यातच होती, 2021 च्या दुरुस्तीने ती अधिक पक्की केली. समितीने दर तीन महिन्यांनी त्यांना अहवाल द्यायचा: किती प्रकरणे निकाली, किती प्रलंबित.

निकाली आणि प्रलंबित. मोजायला सोपे तेच मोजले जाते. मुलाला वकील भेटला का, त्याच्या भाषेत बोलला का, आदेश त्याला समजला का, याचे आकडे या दोन रकान्यांत बसत नाहीत.

इथे बालकल्याण समितीची रचना थोडी समजून घ्यायला हवी, कारण गाडे इथेच अडते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, पण ती बसते बालगृहात किंवा त्याच्या आसपास, आणि वातावरण मुद्दाम कोर्टासारखे ठेवलेले नसते. हेतू चांगला आहे; मूल घाबरू नये. पण कोर्ट वाटत नाही म्हणून वकिलाचीही आठवण होत नाही. गुन्ह्याचा आरोप असलेले मूल बाल न्याय मंडळापुढे येते तेव्हा त्याला विधी सहाय्य मिळाले की नाही हे पाहणे मंडळाचे ठळक कर्तव्य आहे. ज्या मुलाने काहीच केलेले नाही, जे फक्त एकटे सापडले, त्याच्या बाबतीत योग्य विधी सेवा मिळवून देणे हे समितीच्या कामांच्या लांबलचक यादीत एका ओळीत येते. म्हणजे चोरीचा आरोप असलेल्या पोराला वकील मिळण्याची वाट जास्त स्पष्ट आणि नुसत्या हरवलेल्या पोराला कमी. मनमाडच्या प्रकरणातही तसेच दिसले: पाच आरोपींना अटक होताच संविधानाच्या कलम 22 ने वकिलाचा हक्क दिला. बारा दिवस बालगृहात राहिलेली मुले मात्र कायद्याच्या भाषेत आरोपी नव्हती, ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके’ होती.

अशा वेळी मुलाच्या बाजूचा वकील काय करू शकतो, हे नीट सांगायला हवे. नाहीतर वकील म्हणजे भांडण लांबवणारा माणूस, असाच समज असतो. पहिल्या दिवशी तो मुलाच्या घरी फोन लावून देण्याचा आग्रह धरू शकतो. मुलाच्या जिल्ह्यातल्या समितीकडून तातडीने घरची पडताळणी मागवा, असे म्हणू शकतो. कलम 95 खाली, मूल जिथले आहे तिथल्या समितीकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करू शकतो. दुभाषा मागू शकतो. आणि समितीचा आदेश पटला नाही तर 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील करू शकतो. दहा वर्षांच्या मुलाने अपील करायचे कसे? अररियातला बाप नाशिकला येणार कोणत्या पैशाने? आणि मूल खरोखर विकायला नेले जात असेल, तर घरी परत पाठवण्याची घाई होऊ नये, हेही तोच सांगेल. कारण कधीकधी विकणारा घरातलाच असतो. मनमाडची उलट बाजू ही आहे, आणि ती विसरून चालणार नाही. रेल्वेतून मुले नेणारे दलाल आहेत. रेल्वे पोलिसांनी डोळे मिटून घ्यावेत असे कोणीच म्हणणार नाही.

देखरेखीच्या कागदी तरतुदीही आहेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांत प्रत्येक विधी सेवा संस्थेने देखरेख समिती नेमावी असे आहे. कोणत्या प्रकरणात कोणता वकील दिला, प्रकरण कुठवर आले, याची नोंदवही या समितीने ठेवायची, गरज पडली तर न्यायालयाच्या नोंदीही पाहायच्या. मुलांसाठी 2015 मध्ये स्वतंत्र योजना आली आणि 2024 मध्ये ती नव्याने लिहिली गेली. जिल्हा बाल संरक्षण कक्षात ‘विधी तथा परिविक्षा अधिकारी’ हे पदच आहे. गावोगावी सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती. इतक्या समित्या आहेत की एकमेकींवर नजर ठेवण्यासाठी आणखी एक नेमावी लागेल, असे मी एकदा विधी सेवेच्या एका पॅनेल वकिलाला म्हणालो. तो हसला नाही. त्याचे म्हणणे होते की आम्हाला विचारतात शिबिरे किती घेतली आणि लाभार्थी किती. शाळेत भाषण केले की 200 लाभार्थी. एका मुलासाठी तीन वेळा बालगृहात गेलो की लाभार्थी एक.

त्याच्या या बोलण्यात सगळे आले, असे मला वाटते.

कागदावरच्या तपासणीचे काय होते, हे महाराष्ट्राने 2010 मध्ये पाहिले. शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या वसतिगृहात मुले उपासमारीने दगावल्याच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. तपासणीची तरतूद तेव्हाच्या कायद्यातही होतीच. सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 2018 रोजी बाल न्याय कायद्याच्या अंमलबजावणीबाबतच्या संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर निकाल देताना रिक्त पदे भरा, सामाजिक लेखापरीक्षण करा, उच्च न्यायालयांनी आपणहून प्रकरणे नोंदवून लक्ष ठेवावे, असे सांगितले. ती याचिका 2005 ची. ती दाखल झाली तेव्हा जन्मलेले मूल निकालाच्या वेळी बारा-तेरा वर्षांचे होते.

जगात इतरत्रही चित्र फार वेगळे नाही, पण एक फरक शिकण्यासारखा आहे. अमेरिकेत 1985 मध्ये एल साल्वादोरहून एकट्या आलेल्या 15 वर्षांच्या जेनी फ्लोरेस हिच्या नावाने कोठडीतल्या स्थलांतरित मुलांसाठी खटला उभा राहिला आणि 1997 मध्ये सरकारने तडजोड मान्य केली. तिथे स्थलांतर न्यायालयात मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा आपल्यासारखा हक्क नाही. पण त्या तडजोडीने मुलांच्या वकिलांना कोठडीत जाऊन मुलांशी बोलण्याची मुभा दिली. जून 2019 मध्ये टेक्ससमधल्या क्लिंट इथल्या कोठडीत मुले कोणत्या अवस्थेत ठेवली आहेत, हे जगाला कळले ते याच मुभेमुळे. ते सांगणारे सरकारी निरीक्षक नव्हते, मुलांसमोर बसलेले वकील होते. मार्च 2025 मध्ये तिथल्या सरकारने सुमारे 26,000 मुलांच्या वकिलीचे कंत्राटच तोडले, आणि ते निदान तात्पुरते चालू ठेवायला न्यायालयात जावे लागले. त्यांच्याकडे हक्क नाही पण आत जाऊन पाहणारा माणूस आहे, आपल्याकडे हक्क आहे पण पाहणारा माणूस दिसत नाही. 1986 मध्ये आपल्या न्यायालयाने नेमका हाच माणूस दर आठवड्याला पाठवायला सांगितला होता. तो आदेश तुरुंगांपुरता होता. तुरुंगांतून मुले बालगृहांत आली, पण ती साप्ताहिक फेरी त्यांच्या मागोमाग आली नाही.

एक आदेश मात्र थेट आमच्या दारापर्यंत पोचतो. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, आणि अशा तक्रारी कशा हाताळल्या जातात हे पाहायला पोलीस ठाण्यात पाळीपाळीने विधी स्वयंसेवक असावा. मोठे गाव नसले तरी आसेगावला स्वतंत्र पोलीस ठाणे आहे, आणि आजूबाजूच्या खेड्यांतला हरवलेल्या पोराचा बाप पहिल्यांदा तिथेच जातो. त्या क्षणी ठाण्यात एक विधी स्वयंसेवक असला, त्याच्याकडे वाशीमच्या विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक असला आणि तिथून पुण्याच्या किंवा नाशिकच्या प्राधिकरणाला फोन गेला, तर फलाटावरचे मूल आणि त्याचा बाप यांच्यामधले अंतर दिवसांवरून तासांवर येते. वरच्या डझनभर समित्यांपेक्षा मला हा एक माणूस जास्त मोलाचा वाटतो. त्याचे नाव ठाण्याच्या फलकावर लिहिलेले असावे, एवढी मागणी ग्रामसभेत ठराव करून कोणीही करू शकते.

दुसरे काम याहून सोपे. माहितीच्या अधिकारात जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करा. मागच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यांतली आणि राज्यांतली किती एकटी मुले बालकल्याण समितीसमोर आली, त्यांतल्या कितींच्या कागदांवर वकिलाचे नाव आहे, आणि मूल हजर केल्यापासून वकील पहिल्यांदा भेटेपर्यंत किती दिवस गेले, एवढेच विचारा. तिसऱ्या प्रश्नाला ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर तेही जपून ठेवा आणि पुढच्या आढाव्याच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवा. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.