शेजाऱ्याला विचारून शिकणारा राउटर

पॅकेट योग्य वाटेला लावायला राउटरकडे सबंध नेटवर्कचा नकाशा असायलाच हवा असं नाही. शेजारी बोलका असला तरी भागतं. जस्टिन बॉयन आणि मायकेल लिटमन यांनी १९९३ मध्ये मांडलेलं ‘क्यू-राउटिंग’ एवढ्यावरच उभं आहे.

प्रत्येक राउटरकडे एक तक्ता असतो. अमुक मुक्कामाचं पॅकेट अमुक शेजाऱ्याकडे दिलं, तर पोचायला किती वेळ लागेल याचा अंदाज त्यात असतो. समजा, तक्त्यात २० आहेत. पॅकेट रांगेत ४ एकक ताटकळलं, तारेवरून जायला १ लागला. ते हाती पडताच शेजारी उलट कळवतो, ‘इथून पुढे अजून २१.’ बेरीज २६. जुन्या-नव्याचा मध्य काढायचा असं ठरवलं, तर तक्त्यात आता २३ येतात. पॅकेट अजून पोचायचंय आणि राउटर शिकून मोकळा! मला या पद्धतीतलं सगळ्यात देखणं हेच वाटतं.

रहदारी पाहून वाट बदलण्याचा खटाटोप जुनाच. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट १९७९ पासून १० सेकंदांतला सरासरी विलंब मोजून मार्ग ठरवू लागलं. भार वाढला की सगळे मोकळ्या तारेकडे धावत, ती तुंबली की परत फिरत. हे हेलकावे आवरायला १९८७ मध्ये मोजमापाचं सूत्रच बदललं.

बॉयन-लिटमन यांच्या ३६ नोडच्या जाळ्यात, भार कमी असताना क्यू-राउटिंग जवळच्याच वाटा शिकलं. भार वाढल्यावर त्याने काही पॅकेटं लांबून वळवली आणि मधली कोंडी टाळली.

दुखणं पुढे आहे. तुंबलेली वाट सोडली की तिचा आकडा तक्त्यात चढाच राहतो. ती मोकळी झाल्याचं कळणार कसं, तिकडे पॅकेटच जात नाही! भार ओसरला तरी पॅकेटं लांबून फिरत राहतात. दोनच वर्षांत चोई आणि येउंग यांनी तोड काढली: प्रत्येक वाटेचा आजवरचा सर्वांत चांगला आकडा जपायचा, ती किती वेगाने सावरते तेही शिकायचं आणि अधूनमधून एखादं पॅकेट मुद्दाम तिकडे सोडायचं.

तरीही मोठ्या नेटवर्कांत आजही बहुधा माणसांनी प्रत्येक तारेला ठरवून दिलेली वजनंच चालतात. बिघाड झाल्यावर पॅकेट याच वाटेने का गेलं, हे ऑपरेटरला सांगता यावं लागतं, आणि तक्ता क्षणोक्षणी बदलत असेल तर तेच अवघड होतं. ही अडचण खरी आहे, ती आधी सोडवायला हवी.