राहिलेल्यांची शाळा

अमेरिकेतल्या न्यूआर्क शहरातली ‘सेंट बेनेडिक्ट्स प्रेप’ ही मुलांची शाळा १९७२ साली बंद पडली. शाळा १८६८ची, म्हणजे शंभरी ओलांडलेली. चालवणारे बेनेडिक्टाइन पंथाचे कॅथलिक संन्यासी. त्याच्या पाच वर्षं आधी, जुलै १९६७मध्ये, पोलिसांनी एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकाला मारहाण केली आणि त्यातून उसळलेल्या दंगलीत २६ माणसं गेली. गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरांकडे निघालेली होतीच. दंगलीनंतर ती झपाट्यानं गेली. शाळेचा पट घसरला, पैसा आटला आणि मठातही दोन तट पडले. या शहरात आता आपलं काय काम उरलं, असं काहींना वाटू लागलं. बरेच जण मॉरिसटाउनला गेले. तिथं याच पंथाची डेलबार्टन ही दुसरी शाळा होती, हिरवळीत वसलेली, सुस्थितीतली. बाकीचे न्यूआर्कमध्येच राहिले. त्यांच्याकडे रिकामी इमारत होती, शाळा नव्हती.

आपल्याला न्यूआर्क ठाऊक असतं ते विमानतळामुळे. मुंबईहून निघालेला माणूस तिथं उतरतो, कुणी तरी नातेवाईक घ्यायला आलेला असतो आणि गाडी एडिसनकडे वळते. न्यू जर्सीत इतकी मराठी कुटुंबं आहेत, पण न्यूआर्क शहरात फारसं कुणी थांबत नाही. तिथं जे घडलं ते मात्र शिक्षणाची आस्था असलेल्या प्रत्येकानं समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

हे संन्यासी राहिले कशाच्या बळावर? संत बेनेडिक्ट सहाव्या शतकातले, इटलीतल्या नॉर्चियाचे. माँटे कॅसिनोच्या डोंगरावर त्यांनी मठ उभारला आणि मठात कसं राहावं याची ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. जेवण किती, झोप किती, भांडण झालं तर काय करायचं, पाहुणा आला तर त्याचं स्वागत कसं करायचं, सगळं त्यात आहे. ही नियमावली मानणारा संन्यासी आज्ञापालनाचं आणि जीवन पालटत राहण्याचं व्रत घेतोच; शिवाय आणखी एक व्रत घेतो, ते म्हणजे याच मठात, याच माणसांबरोबर अखेरपर्यंत राहण्याचं. आपल्याकडे मुंबईचं झेवियर्स, पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स यांमुळे कॅथलिक शिक्षण म्हटलं की जेझुइट फादर आठवतात. जेझुइटांचं बळ जिथं गरज असेल तिथं जाण्यात आहे. आज इथं, उद्या दुसऱ्या देशात. बेनेडिक्टाइन संन्याशाची सहसा बदली होत नाही. ज्या मठात व्रत घेतलं, त्याच मठाच्या दफनभूमीत त्याची जागा ठरलेली. त्यामुळे ‘शहर बदललं’ हे निघून जाण्याचं कारण होऊ शकतं का, हा न्यूआर्कमधल्या मंडळींपुढचा प्रश्न व्यवहारापुरता नव्हता. तो त्यांच्या व्रताचा होता.

तसा दंगलीशी या मठाचा संबंध जुनाच. १८५४ साली कॅथलिकविरोधी मिरवणुकीतल्या जमावानं न्यूआर्कचं सेंट मेरीज चर्च फोडलं होतं. तेव्हा नकोसे होते जर्मन आणि आयरिश स्थलांतरित. पेनसिल्व्हेनियात मठ उभारलेल्या बोनिफेस विमर या बव्हेरियन मठाधिपतींनी त्यानंतर इथं संन्यासी पाठवले आणि पुढे याच चर्चभोवती मठ व शाळा वाढली. शाळा निघाली ती मुळात शहराला नकोशा असलेल्यांच्या मुलांसाठी. शंभर वर्षांनी दारात उभी असलेली मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होती, इतकाच फरक.

जुलै १९७३मध्ये शाळा पुन्हा उघडली. मुलं शंभरच्या आत. मुख्याध्यापक झाले फादर एडविन लेही, वय २६, याच शाळेचे माजी विद्यार्थी. पुढची पन्नासहून अधिक वर्षं या शाळेचं नेतृत्व त्यांच्याकडे राहिलं. अमेरिकेत बदल्या आणि बढत्यांच्या हिशेबात मुख्याध्यापक येतात-जातात. हा माणूस मात्र आजोबा शिकले तिथं नातू आला तरी जागेवर.

शाळा उभी राहिली ती मुलांवर टाकलेल्या विश्वासावर. बेनेडिक्टांच्या नियमावलीत तिसऱ्या प्रकरणात सांगितलंय की मठात महत्त्वाचा प्रश्न आला की मठाधिपतीनं सगळ्यांना बोलवावं, अगदी लहानातल्या लहानालाही, कारण चांगला सल्ला देव अनेकदा लहानांच्या तोंडून देतो. न्यूआर्कमध्ये हे शब्दशः घेतलं. सगळ्या वर्गांतली मुलं मिळून गट पाडलेले, गटाचा नायक विद्यार्थी आणि सगळ्या नायकांवरचा प्रमुखही विद्यार्थीच. रोज सकाळी सगळी शाळा व्यायामशाळेत जमते. प्रार्थना होते, गाणं होतं आणि हजेरी मुलंच घेतात. कुणी आला नसेल तर चौकशी करायची ती त्याच्या गटानं. तो का आला नाही, घरी काय झालं, हे आधी शेजारच्या बाकावरच्याला कळलं पाहिजे. भावाला दुखलं तर मला दुखतं, या अर्थाचं घोषवाक्य शाळेच्या भिंतीवर आहे. हजेरीची पद्धत म्हणजे त्याचीच रोजची तालीम.

नववीच्या वर्षाअखेरीस मुलांना ॲपलाचियन ट्रेलवर पाठवतात. जॉर्जियापासून मेनपर्यंत साडेतीन हजार किलोमीटर पसरलेली ही डोंगरवाट न्यू जर्सीच्या वायव्य टोकातून जाते. तिथला ऐंशीएक किलोमीटरचा टप्पा पाच दिवसांत पायी पार करायचा. आठेक मुलांची तुकडी. एक नायक, एक नकाशा वाचणारा, एक प्रथमोपचाराचा, कुणाकडे स्वयंपाक, कुणाकडे तंबू. आधी काही आठवडे सराव असतो: पाठीवर ओझं घेऊन चालणं, गाठी मारणं, तंबू ठोकणं. मोठी माणसं वाटेत ठरलेल्या ठिकाणी भेटतात, तुकडीबरोबर चालत नाहीत. जी मुलं कधी अंधाऱ्या रानात झोपली नाहीत, ती पावसात भिजलेल्या लाकडांवर चूल पेटवायला शिकतात. पळत पुढे जाणाऱ्याचा इथं काही उपयोग नाही, कारण शेवटचा पोचल्याशिवाय तुकडी पोचत नाही. सह्याद्रीत पोरांना घेऊन फिरणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हे चटकन पटेल. फरक इतकाच की न्यूआर्कमध्ये ही हौस नाही. हा अभ्यासक्रमाचा भाग आहे.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. शाळेत समुपदेशन विभाग आहे आणि त्यात ‘अननोन सन्स’ नावाचा गट आहे, वडील सोडून गेलेल्या मुलांचा. मुलं एकत्र बसतात आणि त्याबद्दल बोलतात. गणित-विज्ञान शिकवण्याआधी मुलाच्या मनातला राग मोकळा व्हायला हवा, हे या संन्याशांनी फार लवकर ओळखलं. शहरात इतरत्र मुलं शाळा सोडत असताना इथली मुलं पदवीसाठी जाऊ लागली ती याच्या जोरावर.

पण एकाच जागी राहण्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेच्या काळात मठ बंद झाले, तेव्हा इंग्रज बेनेडिक्टाइन युरोपात गेले आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत परतले. त्यांच्या ॲम्पलफोर्थ आणि डाउनसाइड या शाळा एकोणिसाव्या शतकापासून नामांकित. बालकांवरील लैंगिक अत्याचारांची तिथल्या सरकारनं नेमलेल्या स्वतंत्र आयोगानं चौकशी केली आणि २०१८ साली या दोन शाळांवर अहवाल दिला. कित्येक दशकं मुलांवर अत्याचार झाले होते आणि संस्थांनी मुलांपेक्षा स्वतःचं नाव जपलं होतं. तीच भिंत, तीच माणसं, तोच घरोबा. आरोपी आपलाच बंधू असेल तर त्याला बाहेरच्या न्यायासमोर उभं करायला मठ कचरला. याला कसलंही समर्थन नाही. शाळांचा कारभार मठापासून वेगळा करावा लागला. डाउनसाइडचे संन्यासी २०२२ साली ती जागा सोडून बकफास्टच्या मठात गेले. शाळा चालू आहे. ज्या व्रतानं न्यूआर्कची मुलं तरली, त्याच व्रताच्या आडोशानं इंग्लंडमध्ये मुलं भरडली गेली. बाहेरचा डोळा नसेल तर चांगल्यात चांगला नियमही मुलांना वाचवू शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

   

न्यूआर्कच्या मठात आता संन्यासी थोडे आहेत आणि वयस्कही. शिकवणारे बहुतेक संसारी आहेत, त्यांत शाळेचेच माजी विद्यार्थी पुष्कळ. बालवाडीपासून बारावीपर्यंत वर्ग भरतात आणि विद्यार्थ्यांत कॅथलिक नसलेलेही कितीतरी. २०२० साली शेजारच्या एलिझाबेथ शहरात बेनेडिक्टाइन सिस्टरांची मुलींची शाळा बंद झाली, तेव्हा तिथल्या मुलींना जायला जागा हवी होती. दीडशे वर्षं मुलांचीच असलेल्या या शाळेनं त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग उघडला. त्या विभागात गटांच्या नायिका मुलीच आहेत.