चार तारा

घरी जुळविलेल्या संगणकात पेनड्राइव्ह खोचावा आणि तो क्षणात तापून निकामी व्हावा, असे कधी कधी घडते. ‘पेनड्राइव्हच वाईट’ असे समजून मनुष्य दुसरा लावून पाहतो, तोही जातो. वास्तविक दोष असतो तो संगणकाच्या पेटीतील जोडणीचा.

१९९६ साली प्रचारात आलेल्या यूएसबीच्या मूळ रचनेत चारच तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्ट दाबाची वीज येते, काळीतून ती परत जाते; पांढरी व हिरवी मिळून माहितीची ने-आण करतात. कित्येक जुन्या पेट्यांत या तारांची टोके सुटी असत व ती मदरबोर्डवरील बारीक पिनांवर एकेक करून बसवावी लागत. लाल व काळी यांची अदलाबदल झाली, की वीज उलट शिरते. आतील नाजूक मंडले ती सोसू शकत नाहीत. ती जळतात, आणि वर्षानुवर्षे जपलेली छायाचित्रेही पुष्कळदा त्यांबरोबर नाहीशी होतात. पांढरी-हिरवी उलटली तर मात्र बहुधा काही जळत नाही. संगणकाला पेनड्राइव्ह ओळखता येत नाही, एवढेच.

पुढे या सर्व तारा एकाच टोपणात आल्या. दहा पिनांच्या जागी नऊच ठेवून टोपणाचे दहावे छिद्र बुजविलेले असते. त्यामुळे ते उलटे बसतच नाही. युक्ती साधी, पण नामी! तारांचे रंग मात्र सगळेच कारखानदार पाळतात असे नाही. म्हणून जाणता कारागीर रंगावर न विसंबता मदरबोर्डच्या पुस्तिकेतील आकृती पाहतो.