यजमान शहर, क्रीडास्पर्धांचे

अनेक देशांचे खेळाडू व अनेक क्रीडाप्रकार यांचा समावेश असलेल्या स्पर्धा आपल्या हद्दीत भरविण्याचे दायित्व स्वीकारणारे शहर. ऑलिंपिक सामन्यांचा मान तत्त्वतः शहराला दिला जातो. ‘यजमान’ म्हणजे मूळ अर्थाने यज्ञ करविणारा आणि त्याचा खर्च सोसणारा गृहस्थ. या अर्थाचा उत्तरार्ध यजमानपदाच्या उत्साहात बहुधा दृष्टिआड होतो.

शहराची योग्यता ठरविताना क्रीडागारे, खेळाडूंची निवासव्यवस्था, वाहतूक व हवामान या गोष्टी पाहिल्या जातात. तथापि स्पर्धेसाठी उभारलेल्या वास्तूंचा पुढे कोण व किती उपयोग करणार, हा प्रश्न या सर्वांहून निर्णायक होय. अमेरिकेतील शहरांचा अनुभव या बाबतीत उद्‌बोधक आहे. लॉस अँजेल्सने १९३२ च्या ऑलिंपिकसाठी वापरलेले कलोसियम हे क्रीडागार १९८४ मध्ये पुन्हा वापरले, खेळाडूंना प्रामुख्याने दोन विद्यापीठांच्या वसतिगृहांत ठेवले आणि २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम शिल्लक टाकली. इंडियानापोलिस या मध्यम आकाराच्या शहराने जलतरण व धावण्याच्या स्पर्धांसाठी विद्यापीठाच्या आवारात आधीच सोयी केल्या होत्या. म्हणून १९८७ चे पॅन अमेरिकन सामने इतरांनी सोडून दिल्यावर ते शहर पुढे येऊ शकले. याउलट डेन्व्हरला १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक मिळाले असताना कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी १९७२ मध्ये खर्चास नकार दिला व सामने ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे गेले. त्याच वर्षीच्या उन्हाळी सामन्यांचे कॅनडातील माँट्रिऑलवर झालेले कर्ज फिटण्यास २००६ साल उजाडले, हे पाहता डेन्व्हरच्या मतदारांना अदूरदर्शी म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत सलग अनुभव पुणे शहराच्या गाठीशी आहे. येथील क्रीडाजीवन मोठ्या क्रीडागारांच्या कितीतरी आधीचे आहे. मुठा नदीच्या उजव्या तीरावरील कसबा पेठ ही शहराची सर्वांत जुनी वस्ती. ग्रामदैवत कसबा गणपती आणि लाल महाल यांच्याभोवतीच्या या वस्तीत, तसेच तिच्या भोवताली पेशवाईत वाढलेल्या पेठांत, व्यायामाचे स्थान म्हणजे तालीम. लाल मातीचा हौदा, मल्लखांबाचा खांब आणि जोरबैठकांपुरती जागा एवढ्यावर ती चाले. चिंचेची तालीम, निंबाळकर तालीम ही नावे आजही पत्ता सांगताना उपयोगी पडतात. तालमीला मैदान लागत नसे, हे पेठांच्या दाट घडणीला सोयीचे होते. मात्र त्यामुळेच धावपट्टी, जलतरण तलाव वा प्रेक्षागार यांसाठी जुन्या शहरात जागा राखली गेली नाही. शहराचा संघटित क्रीडाविस्तार नदीपलीकडे झाला, याचे एक कारण हेच होय.

नदीपलीकडे १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने भारतीय क्रीडेतिहासात मोठे कार्य केले. खो-खोच्या आरंभीच्या लेखी नियमांची सिद्धता १९१४ मध्ये त्याच्याकडे झाली. संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील मैदानी शर्यतींत खेड्यापाड्यांतील अनवाणी धावपटूंची कामगिरी पाहिली आणि भारताचा संघ ऑलिंपिकला पाठविण्याचा संकल्प सोडला. तदनुसार १९२० च्या अँटवर्प सामन्यांना धावपटू व मल्ल यांचा एक छोटा संघ गेला. त्यातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. सदाशिव दातार, कैकाडी आणि मल्ल नवले व शिंदे हे अन्य काही खेळाडू होत. सामने भरविण्याआधी सामन्यांना माणसे पाठविणारे शहर, अशी पुण्याची पहिली ओळख आहे. १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी स्थापिलेल्या महाराष्ट्रीय मंडळाने शारीरिक शिक्षणाची परंपरा पुढे चालविली.

प्रेक्षकांसाठीची मोठी वास्तू म्हणून स्वारगेटजवळील नेहरू स्टेडियम दीर्घकाळ पुरेसे वाटले. १९९६ च्या विश्वचषक स्पर्धेत केनियाने वेस्ट इंडीजला हरविले ते येथेच. मात्र ते क्रिकेटचे मैदान होते, आणि बहुक्रीडा स्पर्धांची गरज निराळी असते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांनिमित्त शहराच्या वायव्येस, कसबा पेठेपासून सरळ रेषेत सु. १२ किमी. अंतरावर, बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभारण्यात आली. सु. १५० एकरांच्या या परिसरात मुख्य मैदान व धावपट्टी, जलतरण तलाव, बॅडमिंटन, टेनिस, नेमबाजी आदींच्या सोयी एकत्र आहेत. वास्तुरचना शशी प्रभू यांची आहे. त्या वेळी बालेवाडी हे शेतीचे खेडे होते. जागा मुबलक मिळाली, परंतु तालमीत व शाळेत खेळणारी मुले मात्र १२ किमी. दूर राहिली.

क्रीडानगरीची आंतरराष्ट्रीय कसोटी २००८ मध्ये लागली. १२ ते १८ ऑक्टोबर या काळात तिसरे राष्ट्रकुल युवा सामने पुण्यात झाले. पूर्वीचे दोन एडिंबरो (२०००) व बेंडिगो (२००४) येथे झाले होते. ७१ राष्ट्रकुल संघांतील बाराशेहून अधिक युवा खेळाडू नऊ क्रीडाप्रकारांत उतरले. भारताने ३३ सुवर्णपदकांसह प्रथम क्रमांक मिळविला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल सामन्यांची ही पूर्वतयारी मानली गेली. सामन्यांनंतर लगेच येथेच जागतिक कनिष्ठ बॅडमिंटन स्पर्धा झाली व सायना नेहवाल एकेरीत विजेती ठरली. १९९४ मध्ये बांधलेली वास्तू १४ वर्षांनी नव्या स्पर्धेस उपयोगी पडणे, हा पुण्याच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा होय. २०१३ मध्ये चेन्नईने सोडलेली आशियाई मैदानी स्पर्धा अल्पावधीत पुण्याकडे देता आली, ती याच कारणाने. इंडियानापोलिसच्या उदाहरणाशी याचे साम्य लक्षणीय आहे. पुढे २०१८ ते २०२३ या काळात व्यावसायिक टेनिसची महाराष्ट्र खुली स्पर्धा, २०१९ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धा आणि २०२२ च्या महिला आशियाई चषक फुटबॉलचे काही सामने येथे झाले.

हवामान पुण्याला अनुकूल आहे. समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीमुळे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ कोरडा व सौम्य असतो. जून ते सप्टेंबर मात्र पावसाचा. शिक्षणसंस्थांची विपुल वसतिगृहे हे आणखी एक बलस्थान आहे. लॉस अँजेल्सप्रमाणे त्यांचा पद्धतशीर विचार झाल्यास वेगळे क्रीडाग्राम बांधण्याची गरज बरीच कमी होईल. विमानसेवा ही उणी बाजू. लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ असल्याने त्याच्या विस्तारास मर्यादा आहेत, आणि परदेशी संघांना बहुधा सु. १५० किमी. वरील मुंबईमार्गे यावे लागते.

खरी अडचण शहरांतर्गत वाहतुकीची आहे. स्पर्धेच्या निमित्ताने रस्ते व पूल त्वरेने होतात, परंतु त्वरा म्हणजे नियोजन नव्हे. बालेवाडीकडे जाण्याच्या वाटेवरील विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल फार जुने नसतानाही २०२० मध्ये मेट्रोच्या कामासाठी पाडावे लागले. दुसरे असे, की दूरच्या क्रीडानगरीचा दैनंदिन लाभ तिच्या आसपास राहणाऱ्यांना व निवासी प्रशिक्षणार्थींनाच सहज मिळतो. पेठेतील शाळकरी मुलीला सकाळच्या शाळेपूर्वी तेथील धावपट्टीवर सराव करून परतणे जवळजवळ अशक्य असते. तिच्यासाठी सारसबागेजवळचे सणस मैदान अधिक मोलाचे आहे. यजमानपदाच्या हिशेबात अशी लहान मैदाने सहसा धरली जात नाहीत. खर्च संपूर्ण शहराचा असेल, तर ती धरणे न्याय्य ठरेल. जुन्या शहराच्या जवळून जाणारी व फारसे बांधकाम न मागणारी मोठी स्पर्धा एकच, ती १९८३ पासूनची पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन. रस्ता हेच तिचे क्रीडागार.

२०३० चे राष्ट्रकुल सामने अहमदाबादला देण्यात आले आहेत. अशा सामन्यांतील काही क्रीडाप्रकार अन्य शहरांत भरविण्याची प्रथा जगभर वाढत आहे. २०२८ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमधील काही खेळही त्या शहराबाहेर योजिले आहेत. एकट्याने सर्व भार घेण्यापेक्षा काही निवडक खेळांचे सहयजमानपद पुण्याच्या आवाक्यातले व हिताचे दिसते. विशेषतः बॅडमिंटन, टेनिस व मैदानी खेळ यांची व्यवस्था येथे आधीच सिद्ध आहे.

जुने शहर व क्रीडानगरी यांतील अंतराचा प्रश्न मेट्रोने काहीसा बदलत आहे. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये खुला झाला. त्यावर कसबा पेठ हे स्थानक आहे. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गिका बाणेर-बालेवाडी भागातून आखलेली असून ती जिल्हा न्यायालय स्थानकाशी जोडली जाते. कसबा पेठेपासून ते पुढचेच स्थानक होय.