पेणच्या पत्त्यावरची राहेल

पेण तालुक्यातले आमचे जोहे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखले जाते. 1970च्या दशकात, मी शाळकरी असताना, वडिलांबरोबर रंग आणायला पेणला गेलो की ओळखीच्या एका घरी पाणी प्यायला थांबत असू. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंना सगळेच मावशी म्हणत. लुगडे आमच्या आजीसारखे, बोलणेही तसेच. एकदा पोस्टमनने निळे हवाई पत्र आणून दिले. मावशींना बारीक अक्षर दिसेना, म्हणून मी वाचायला घेतले. पत्र इस्राएलहून आलेले, पण मजकूर चक्क मराठीत! वर नाव होते, राहेल. आडनाव इथे लिहीत नाही; आपल्या कुलाब्यातल्याच एका गावापुढे 'कर' जोडलेले होते.

"हे कुणाचं नाव?"

"माझंच की रे! राहेल म्हणजे मेंढी."

मी फिस्सकन हसलो. मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी गोष्टच सांगितली. बापाची मेंढरे पाण्यावर घेऊन येणारी राहेल, विहिरीच्या तोंडावरचा धोंडा तिच्यासाठी लोटणारा याकोब, तिच्यासाठी त्याने मामाकडे सात वर्षे केलेली चाकरी, लग्नात मामाने पुढे केलेली थोरली लेआ आणि मग पुन्हा सात वर्षे. धाकट्या बन्यामिनाला जन्म देताना राहेल वाटेतच गेली. मेंढपाळांच्या समाजात मेंढी हे धन. लाडक्या लेकीला त्या नावाने हाक मारण्यात थट्टा नव्हती.

मावशी बेने इस्राएल समाजाच्या. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असे हा समाज मानतो. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे पडली. पुरुषांची बायबलमधली नावेही कोकणी वळणाची झाली. 1796मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात.

बायकांची नावे मात्र पूर्वी बहुधा शेजारणींसारखीच असत. एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. कोचीनच्या ज्यूंशी संबंध वाढला, जॉन विल्सन यांचे हिब्रू व्याकरण 1832मध्ये मराठीतून निघाले, मिशनच्या शाळा आल्या, जुना करार मराठीत वाचता येऊ लागला. 1863मध्ये पेणलाही प्रार्थनामंदिर उभे राहिले. मग पाळण्यात राहेल, रिबका, लेआ, हन्ना ही नावे येऊ लागली. पुरुषांनी जपलेला वारसा लेकींच्या वाट्याला असा उशिरा आला.

तिकडे जगात या नावाने बरीच रूपे घेतली. अरबीत ते राहील, फ्रेंचमध्ये राशेल, स्पॅनिशमध्ये राकेल, इंग्रजीत रेचल झाले. ख्रिस्ती युरोपात ते खऱ्या अर्थाने रुजले धर्मसुधारणेनंतर, लोक बायबल आपापल्या भाषेत वाचू लागले तेव्हा. 1990च्या दशकात अमेरिकेत मुलींच्या पहिल्या वीस नावांत रेचल होते. 1994मध्ये सुरू झालेल्या 'फ्रेंड्स' मालिकेमुळे आपल्याकडेही घरोघरी कळले. इस्राएलच्या वीस शेकेलच्या नोटेवर 2017पासून आहे ती कवयित्रीही राहेलच.

पण मला हे नाव भिडते ते दुसऱ्याच कारणाने. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात मेलेली राहेल पुन्हा भेटते. देशोधडीला लागलेल्या लेकरांसाठी ती रडते, कुणी समजावले तरी ऐकत नाही. तिला देव सांगतो, रडू नको, तुझी मुले आपल्या देशी परततील. 1948मध्ये इस्राएल झाले आणि बेने इस्राएलांची हजारो कुटुंबे निघाली. ग्रंथातले वचन खरे होत होते. मात्र त्या परतण्यामुळे पेण-अलिबागची अंगणे रिकामी होत होती. एस्तेर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचल' या इंग्रजी कादंबरीला 2010चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची नायिकाही अशीच, मुले इस्राएलला आणि ती कोकणातले प्रार्थनामंदिर सांभाळत एकटी.

त्या दिवशी पत्रात मुलाने लिहिले होते, आई, आता तू इकडे ये. मी विचारले, "जाणार का मावशी?"

त्या म्हणाल्या, "राहेलीची पोरं आपल्या मुलखात गेली, चांगलं झालं. पण माझा मुलूख तर हा आहे ना, बाबा!"

मग त्यांनी मला उत्तर लिहायला बसवले. इकडची खुशाली, पावसाचे, आंब्याचे. शेवटी पत्ता नीट लिही म्हणून दोनदा बजावले. मी वळणदार अक्षरात लिहिले : राहेल, मुक्काम पेण, जिल्हा कुलाबा.

1981मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. तोवर त्या घराला कुलूप लागले होते.