लिंबाच्या बहरात मधमाशी
लेखांक ६

गेल्या आठवड्यात नारायणगाव भागातला टोमॅटो पाहिला. त्याचे पराग झडायला फूल जोरात थरथरवावं लागतं. ते भुंग्याला जमतं, मधमाशीला नाही. लिंबाच्या बागेत मात्र खरं काम मधमाशीचंच.

येडगाव धरणातून निघालेला कुकडीचा डावा कालवा श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडे जातो. श्रीगोंदा-कर्जतच्या पट्ट्यात कागदी लिंबाच्या बागा आहेत. उन्हाळी फळाला भाव चांगला, म्हणून हस्त बहर धरायचा आणि पुढे फळ पोसायला आवर्तनाची वाट बघायची. पाण्याचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो; बहरात बागेत माशा किती फिरतात, हे मात्र क्वचितच कुणी बघतं. मला ही मोठी चूक वाटते.

लिंबाचे पराग चिकट आणि जड, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. मकरंद फुलाच्या तळाशी, अंडाशयाभोवती पाझरतो. तिथवर पोचताना माशीच्या अंगाला पराग लागतात आणि पुढच्या फुलाच्या कुक्षीवर उतरतात. कागदी लिंबू स्वतःच्या परागावरही फळतं, पण पराग कुक्षीपर्यंत पोचायला तर हवा! एरवीही फुलांतली बहुतेक गळतात, शंभरातली मोजकीच टिकतात. वाढणाऱ्या बियांतून संप्रेरकं सुटतात, ती फळाला देठाशी धरून ठेवतात आणि पोसायलाही मदत करतात.

सगळ्या लिंबूवर्गीय फळांना हाच नियम लावता येत नाही. पपनसाला स्वतःचा पराग चालत नाही. शेजारी वेगळ्या जातीचं झाड आणि मधे माशी, दोन्ही लागतात. नेव्हल संत्रं परागाविनाच फळतं. क्लेमेंटाइनची गोष्ट तर उलटीच: एकाच जातीची बाग असेल तर फळ बिनबियांचं येतं, पण माशीने दुसऱ्या जातीचा पराग आणला की त्यात बिया भरतात. ग्राहकाला बिया नकोत, म्हणून कॅलिफोर्नियात बागायतदार आणि मधपाळ यांच्यात मोठा वाद झाला. पेट्या कुठे ठेवायच्या, हा प्रश्न सरकारदरबारी गेला. आपल्या लिंबाला ही अडचण नाही. त्यात बिया असतात हे गिऱ्हाईक धरूनच चालतं.

आपल्याकडे सातेरी, फुलोरी आणि आग्या या तिन्ही माशा आहेत. पेटीत नांदते ती सातेरी. तिच्या पालनाचं शिक्षण देणारी केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. फुलोरी आणि आग्या पेटीत राहत नाहीत, म्हणून बांधावरची झाडं-झुडपं राखणं हेच त्यांचं पालन.

आणि फवारणी. नागअळी, सायला, मावा कोवळ्या पालवीवर येतात आणि पालवी व फूल बहुधा बरोबरच फुटतात. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध उमललेल्या फुलांवर पडलं, तर माशी मकरंदाबरोबर विषही नेते. शक्यतो कळी फुटण्याआधीच कीड आवरा. बहरात फवारणं टळतच नसेल, तर माशीला कमी घातक औषध निवडा, ते माशा परतल्यावर संध्याकाळी मारा, आणि शेजारच्या मधपाळाला आदल्या दिवशी सांगा.

पुढच्या आठवड्यात डाळिंब.