एका रायफलीत किती जंगल मावतं?

बोरिवलीचं नॅशनल पार्क केवढं? सुमारे 104 चौरस किलोमीटर. गेटपासून कान्हेरीपर्यंत चालत गेलं तरी पाय बोलायला लागतात. आता दक्षिण आफ्रिकेचं क्रूगर घ्या. 19,485 चौरस किलोमीटर! म्हणजे आपली 187 नॅशनल पार्कं, अख्ख्या बत्तीस मुंबया. लांबी तर विचारूच नका, साधारण 360 किलोमीटर. रेल्वेने मुंबईहून पुण्याला जा, तिथून परत फिरा, मुलुंडही मागे टाका. तेव्हा कुठे क्रूगरचं दुसरं टोक येतं.

या जंगलात गेंडे आहेत आणि शिंगांसाठी त्यांना मारणारेही आहेत. 2014 साली दक्षिण आफ्रिकेत 1,215 गेंडे मारले गेले, त्यातले 827 एकट्या क्रूगरमध्ये. हिशेब करा: देशात दर सव्वासात तासांना एक गेंडा, वर्षभर, रात्रंदिवस. नाकाला शेपूट लावून ते सगळे उभे केले असते तर बोरिवली स्टेशनपासून निघालेली रांग मालाडच्या दारात पोचली असती. मन सुन्न होतं.

आता या गेंड्यांची राखण करणाऱ्यांच्या हातातली रायफल बघू. पॉइंट 458 विंचेस्टर मॅग्नम काडतुसाची; काडतुसाचा जन्म 1956. हत्ती-रेड्यांसारखं धूड अंगावर आलं तर थोपवण्यासाठी जंगलात पायी फिरणारे रेंजर हिचा भरवसा धरतात. आणि घात असा की गेंड्यांचे चोरटे शिकारीही याच जातीची रायफल घेऊन येतात. गोळी अवघी 32 ग्रॅमची, पण नळीतून सुटते सेकंदाला 640 मीटरने. तो वेग टिकला असता तर अंधेरीहून बोरिवली 19 सेकंदांत! ऊर्जा 6,600 ज्यूल. तेवढ्यात साठ किलोचा माणूस तिसऱ्या मजल्याच्याही वर उचलला जाईल. याहून दांडगी हवी? 12.7 मिलिमीटरची बॅरेट घ्या. ऊर्जा दुपटीहून जास्त, वेग साडेआठशे मीटर. या वेगाने मुंबई-पुणे चार मिनिटांच्या आत!

एवढी ताकद, पण ती पोचते किती? 458चा नेम 200 मीटरपर्यंत धरू. रेंजरभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढलं तर त्यात एक चौरस किलोमीटरचा जेमतेम आठवा हिस्सा बसतो. क्रूगरचे रेंजर साधारण चारशे. सगळे एकदम कामावर आहेत, कुणी झोपलेलं नाही, कुणी रजेवर नाही असं मानलं, तरी एकेकाच्या वाट्याला जवळजवळ 49 चौरस किलोमीटर येतात. अर्धं बोरिवलीचं जंगल, एका माणसाकडे! आणि त्याच्या रायफलीची ती वर्तुळं त्यात भरायची म्हटली, तर लागतील 390!